व्हिएतनामी पंगत

ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, घरात चकल्या-करंज्यांचे डबे शिगोशीग भरलेले असताना, पंचाहत्तरीला टेकलेली चार मराठी माणसे आणि एक वहिनी उठून एका व्हिएतनामी खानावळीत जेवायला गेली, हे ऐकून माझ्या आईने काय म्हटले असते याची मला पुरेपूर कल्पना आहे. वाचकांतल्या काही गृहिणींच्या कपाळालाही एव्हाना आठी पडली असेल. पण जरा थांबा. हकिगत पुरती ऐका आणि मग काय तो निकाल द्या.

साल २०२४. नोव्हेंबरची पहिली तारीख, वार शुक्रवार. गाव कॅलिफोर्नियातले सॅन होजे. तिथून अर्ध्या तासावर माझी मुलगी राहते आणि तिच्याकडे मी दिवाळीसाठी आलो आहे, असे मी सर्वांना सांगत होतो. खरे कारण नाना.

नानाची ओळख करून द्यायची तर १९६८ सालात जायला हवे. त्या वर्षी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही चौघे एका मजल्यावर राहायला आलो. खरी नावे फक्त परीक्षेच्या हजेरीपुरती. एरवी नाना, बापू, भाऊ आणि अण्णा. एखाद्या एकत्र कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांना शोभावीत अशी ही नावे एकोणीस वर्षांच्या पोरांनी एकमेकांना का दिली, हे आता कोणालाच सांगता येत नाही. नाना वाईचा, बापू मालवणचा, भाऊ सदाशिव पेठेतला आणि अण्णा म्हणजे मी, ठाण्याचा. १९७१ साली पदव्या हाती पडल्या. मी मुंबईत नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झालो. बाकीचे तिघे मागेपुढे अमेरिकेत गेले. नाना १९७९ मध्ये सॅन होजेला स्थिरावला, भाऊने त्याच्या शेजारच्याच गावात घर केले, आणि बापू लॉस एंजल्सला, म्हणजे मोटारीने पाच-सहा तासांवर.

नानाचा जन्म १९४९ सालच्या लक्ष्मीपूजनाचा. तारखेने त्याने वाढदिवस कधीच केला नाही. ‘‘सगळा मुलूख माझ्या वाढदिवसाला दिवे लावतो, मी कशाला मेणबत्त्या विझवू?’’ असे तो म्हणे. तेव्हा तिथीने पाहता गेल्या लक्ष्मीपूजनाला त्याला पंचाहत्तर वर्षे पुरी होणार होती. अमृतमहोत्सव! पण तीन वर्षांपासून नानाला विस्मरणाचा आजार जडला आहे. आधी चष्मा आणि किल्ल्या हरवू लागल्या, मग रस्ते, मग नावे. घर विकायचे आणि डिसेंबरात मुलाकडे बॉस्टनला कायमचे जायचे, असे वहिनींनी ठरवले होते. म्हणजे चौघांनी एका टेबलाशी बसण्याची ही बहुधा शेवटचीच वेळ.

बेत काय करायचा यावर फोनवर पुष्कळ खल झाला. भाऊचे म्हणणे, घरीच बसू. हॉटेलात गडबड असते, नाना बावरतो, मधेच उठून चालू लागतो. चार लोक बघतात. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण वहिनी म्हणाल्या, ‘‘मी त्यांना सहज विचारलं, वाढदिवसाला काय खायचं? खूप वेळ विचार केला त्यांनी. मग म्हणाले, ते... ‘चर्र’ करतं ते. नाव काही आठवलं नाही, पण हाताने तव्यावर ओतल्यासारखं केलं आणि तोंडाने आवाज काढला.’’

आम्हाला तिघांनाही ते काय ते तत्काळ कळले. व्हिएतनामी लोकांचा एक पदार्थ आहे, बान् सेओ. तांदळाच्या पिठात हळद आणि नारळाचे दूध घालून तव्यावर पातळ पसरायचे, आत मोड आलेले मूग आणि काय हवे ते भरायचे आणि अर्धे मुडपून वाढायचे. आमच्या बापूच्या मते हे सरळसरळ घावनच. फक्त हळदीला गेलेले. त्यातला ‘बान्’ म्हणजे पोळी-भाकरीसारखा पिठाचा पदार्थ, आणि ‘सेओ’ या शब्दाला दुसरा काही अर्थच नाही. तापल्या तव्यावर पीठ पडले की जो आवाज होतो तोच तो शब्द. नानाला नाव आठवत नव्हते असे वहिनी म्हणत होत्या, पण त्याने काढलेला आवाज हेच त्याचे नाव होते. यावर भाऊचाही विरोध मावळला.

आता एका मराठी इंजिनिअरला व्हिएतनामी खाण्याची इतकी गोडी कशी लागली, हे सांगितले पाहिजे. १९७५ च्या ३० एप्रिलला सायगॉन पडले आणि त्या देशातून माणसांचे लोंढे बाहेर पडू लागले. पुढच्या वीस वर्षांत सुमारे आठ लाख माणसे नुसत्या होड्यांतून समुद्र ओलांडून कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याला लागली. जी लागली नाहीत त्यांची मोजदाद कोण करणार? सॅन होजेच्या आसपास त्या सुमारास इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने भराभर निघत होते. तिथे बारीक डाक देण्याच्या, जोडणीच्या कामावर या निर्वासितांना घेत. त्यांत बायका पुष्कळ. आज या एका शहरात लाखाहून अधिक व्हिएतनामी वस्ती आहे. व्हिएतनामबाहेर इतकी दुसऱ्या कुठल्याच शहरात नाही. स्टोरी रोडवर गेलात तर दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजी शोधावे लागते.

नाना अशाच एका कारखान्यात होता. तो जोडणीच्या विभागात नव्हे, आराखड्यांच्या. दुपारी बारा वाजता जेवणघरात त्या बायकांचे डबे उघडत आणि ‘नुओक माम’चा वास सुटे. हा त्यांचा जीव की प्राण. मांदेलीच्या कुळातली बारीक मासळी मिठात घालून पिंपात महिनोन्‌महिने मुरवायची आणि तिचे गाळीव पाणी मिठाऐवजी वापरायचे. मालवणच्या माणसाला याचे काही वाटणार नाही, पण गोऱ्या मंडळींनी तक्रार केली आणि त्या बायकांनी बाहेर मोटारींच्या आवारात बसून जेवावे, असे फर्मान निघाले. नानाच्या डब्यात रोज लसणाची चटणी असायची. तिच्याबद्दलही नाके मुरडून झालीच होती. तो काही न बोलता आपला डबा घेऊन बाहेर जाऊन बसला. पावसाळी महिने सुरू झाले तेव्हा छत्री घेऊन बसला. हे त्याने आम्हाला कधी सांगितले नाही, वहिनींकडून कळले. पुढे ते फर्मान कागदावरच राहिले म्हणतात.

त्या बायकांपैकी एकीने रात्रपाळ्या करून पैसे साठवले आणि घरच्या सर्वांना हाताशी धरून सहा टेबलांची एक खानावळ काढली. पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक म्हणजे नाना. १९८९ साली मी कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदा अमेरिकेला गेलो, तेव्हा विमानतळावरून नानाने मला घरी न नेता आधी तिथे नेले होते. बाई आता नव्वदीकडे झुकल्या आहेत. खानावळ मुलगी चालवते. टेबले सहाची चौदा झाली.

दाराशी येताच भाऊ थबकला. दाराजवळ जमिनीवरच एक लाल रंगाचा देव्हारा मांडलेला, त्यात दोन हसऱ्या मूर्ती, समोर संत्री, फुले, उदबत्त्या आणि (भाऊला हे फारच भावले) देवापुढे कॉफीचा छोटा पेला. एक मूर्ती भूमीच्या देवाची, दुसरी धनाच्या. पुष्कळ व्हिएतनामी दुकानदार धनाची ही देवता उंच फळीवर न ठेवता दाराजवळ जमिनीवर ठेवतात. ‘‘अरे, हा तर कुबेर!’’ भाऊ म्हणाला आणि त्याने बूट काढून नमस्कार केला. लक्ष्मीपूजनाला निदान एका देवाचे दर्शन झाले, याने त्याचे मन निम्मे शांत झाले.

उरलेले निम्मे पंचांगाने शांत केले. आपला महाराष्ट्रातला महिना अमावास्येला संपतो. व्हिएतनामी लोकांचा चांद्रमास त्याच दिवशी, चंद्रसूर्यांची युती होते त्या दिवशी, सुरू होतो. फार तर एखाद्या दिवसाचा फरक. म्हणजे आपले लक्ष्मीपूजन ती त्यांची पहिली तिथी, आणि पहिल्या व पंधराव्या तिथीला तिथले भाविक बौद्ध शाकाहार पाळतात, घरातल्या पितरांपुढे फळे ठेवून उदबत्ती लावतात. २०२४ च्या १ नोव्हेंबरला त्यांचा दहावा महिना लागत होता. खानावळीत त्या दिवशी शाकाहारी जिन्नसांची निराळी यादीच होती. सदाशिव पेठेतून निघालेल्या माणसाला याहून अधिक काय हवे?

या शाकाहाराला त्यांच्या भाषेत शब्द आहे ‘चाय’. यावरून भाऊची एक जुनी फजिती आहे. फार वर्षांपूर्वी नानाने त्याला प्रथम तिथे आणले, तेव्हा वाढणाऱ्या मुलीने अदबीने विचारले, ‘‘चाय?’’ भाऊ म्हणाला, ‘‘हो हो, पण जेवणानंतर.’’ ती गोंधळली. तोवर समोर मांसाचे ताट येऊन पोचले. तेव्हापासून आम्ही हे नीट पाठ केले आहे: ‘चाय’ म्हणजे शाकाहार, ‘चे’ म्हणजे मुगाची किंवा साबुदाण्याची नारळाच्या दुधातली खीर, आणि चहाला म्हणायचे ‘त्रा’.

बापू मात्र खट्टू. लॉस एंजल्सहून इतका प्रवास करून यायचे आणि मासळीच्या पाण्याचा थेंबही नाही! शाकाहारी दिवशी सोयाबीनच्या खारट पाण्यावर भागवतात. शेवटी त्याने समोरची कोंबडाछाप लाल चटणीची बाटली जवळ ओढली आणि तिचा इतिहास सुरू केला. तो बाकी ऐकण्यासारखा आहे. डेव्हिड ट्रॅन नावाचे गृहस्थ ज्या मालवाहू बोटीतून व्हिएतनाम सोडून निघाले तिचे नाव ‘हुई फाँग’. १९८० साली लॉस एंजल्समध्ये त्यांनी मिरच्यांच्या चटणीचा धंदा काढला आणि कंपनीला त्या बोटीचेच नाव दिले. बाटलीवर कोंबडा का, तर त्यांचे जन्मवर्ष त्यांच्या पंचांगाप्रमाणे कोंबड्याचे. ‘‘म्हणजे आपल्याकडे कोणी लोणच्याला कोकण बोटीचं नाव द्यावं तसं,’’ बापू म्हणाला.

इतका वेळ नाना गप्प होता. वहिनींचा हात त्याच्या मनगटावर, आणि नजर सारखी दाराकडे. आम्ही आलो तेव्हा त्याने तिघांना हसून नमस्कार केला होता. पण तो नमस्कार आपण अनोळखी लोकांना करतो तसा. भाऊने ‘‘ओळखलंस का?’’ असे विचारायला तोंड उघडले तेवढ्यात वहिनींनी मान हलवून त्याला थांबवले. हा प्रश्न त्याला विचारायचा नाही. उत्तर येत नाही आणि येत नाही हे त्याला समजते, असे त्या मला आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या.

मालकीणबाईंची मुलगी आली आणि तिने प्रथम नानाला लवून ‘‘बाक’’ म्हटले. हा शब्द म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. त्यांच्या भाषेत ‘मी’ आणि ‘तू’ यांना सरधोपट शब्दच नाहीत म्हटले तरी चालेल. समोरचा काका, मावशी, थोरला भाऊ की धाकटी बहीण, हे ठरल्याखेरीज वाक्यच सुरू होत नाही, म्हणून ओळख होताच वय विचारतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. त्या मुलीने नानाचे खरे नाव पस्तीस-चाळीस वर्षांत एकदाही उच्चारले नसेल. तिला ते ठाऊक तरी असेल की नाही कोण जाणे. नानाने ‘‘बाक’’ला ओ दिली आणि मान डोलावली. वाढायच्या वेळीही तिने पहिले भांडे त्याच्यापुढे ठेवले, आणि त्याने चमचा उचलेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. वडील माणसाने सुरुवात केल्यावर बाकीच्यांनी जेवायचे, ही त्यांची चाल. आपल्याकडेही होती.

भांड्यात फो होता. तांदळाच्या चपट्या शेवया आणि वर कढत रस्सा. एरवी तो हाडांचा, तासन्‌तास मंद आचेवर आटवलेला असतो. आज मुळा, गाजर, कांदा आणि अळंबीचा होता. पण मसाला तोच, दालचिनी, लवंग आणि चक्रीफूल, शिवाय जाळावर भाजून काळे केलेले आले. चक्रीफूल आणि दालचिनीची वाफ वर आली की डोळे मिटून गोड्या मसाल्याचा डबा उघडल्याचा भास होतो. हा पदार्थ मूळ उत्तर व्हिएतनामचा, हनोई आणि नाम दिन्हकडचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १९५४ साली देशाचे दोन तुकडे झाले, लाखो माणसे उत्तरेतून दक्षिणेत आली आणि त्यांच्याबरोबर फो सायगॉनला आला. तिथे त्याला मोडाचे मूग, लिंबू आणि हिरव्या पाल्याचे ताट मिळाले. १९७५ नंतर तो समुद्र ओलांडून इकडे आला. या खानावळीच्या मालकीणबाईंचाही प्रवास नेमका तोच. हनोईत जन्म, सायगॉनला संसार, सॅन होजेला म्हातारपण.

त्या पाल्याच्या ताटात तुळशीसारखी पाने पाहून भाऊ पुन्हा बिचकला. तुळस तोडून खायची? ‘‘तुळस नव्हे रे, सब्जा,’’ बापूने निकाल दिला, आणि तो बरोबर होता. उन्हाळ्यात आपण ज्याचे बी भिजवून पितो त्याचीच ही जात. ते बी तेही सरबतात घालतात.

मग बान् सेओ आले. पिवळेधमक, कडा कुरकुरीत, आत अळंबी, टोफू आणि मूग. ते खाण्याची रीत अशी की एक तुकडा तोडायचा, लेट्यूसच्या पानावर ठेवायचा, त्यावर पाला घालायचा, गुंडाळी करायची आणि चटणीत बुडवायची. आमच्या गुंडाळ्या नेहमीप्रमाणे सुटत होत्या. भाऊच्या बाहीवर ओघळ आले. मी काटा-चमच्याचा आश्रय घेतला.

नानाने पान हातात घेतले. उलटसुलट करून पाहिले. देठाची जाड शीर नखाने खरवडून काढली, पानाच्या मधोमध तुकडा ठेवला, आणि एक कोपरा असा, दुसरा कोपरा तसा मोडून, टोक आत खोचून त्याने एक घट्ट त्रिकोणी पुडी केली. ती ताटलीत ठेवली आणि टेबलावर इकडेतिकडे काहीतरी शोधू लागला. आम्हाला कळेना. वहिनींना कळले. ‘‘लवंग शोधताहेत,’’ त्या हळूच म्हणाल्या.

तो गोविंदविडा होता! वाईला लहानपणी लग्नामुंजीच्या पंगतींना विडे बांधायचे काम याच्याकडे असे. एका बैठकीला दोन-दोनशे विडे बांधल्याच्या बढाया आम्ही वसतिगृहात ऐकल्या होत्या आणि एकानेही विश्वास ठेवला नव्हता. बापूने कुठलीशी दातकोरणी त्याच्या हातात दिली. ती त्याने पुडीला टोचली आणि पहिला विडा बापूपुढे ठेवला. मग दुसरा भाऊला. तिसरा मला. चौथा वहिनींना. हात भराभर चालत होते आणि चेहरा अगदी निवांत. पाने संपली तशी त्या मुलीने न सांगता दुसरे ताट आणून ठेवले, तेही संपले. शेजारच्या टेबलावर एक व्हिएतनामी कुटुंब जेवत होते, त्यांतला पाच-सहा वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला. नानाने त्यालाही एक विडा दिला. मुलाने तो दोन्ही हातांनी घेतला. पोरांनी वडिलांकडून वस्तू दोन हातांनी घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता.

भाऊ डोळे पुसत होता. चटणी तिखट आहे म्हणाला. शाकाहारी चटणी मुळीच तिखट नव्हती.

मागाहून मुगाची ‘चे’ आली. नारळाचे दूध घातलेली, अगदी आपल्या खिरीच्या वळणाची. भाऊने रात्रीच्या नैवेद्यासाठी एक डबा बांधून घेतला. लक्ष्मीला चालेल का, असे मी विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘मूग, गूळ नाही पण साखर, नारळ. न चालायला काय झालं?’’

बिल आले ते नेहमीप्रमाणे नानासमोर. ते तिथे ठेवले जाणार हे जाणून वहिनींनी त्याच्या पाकिटात सकाळीच नोटा घालून ठेवल्या होत्या. बापूने सवयीने हात पुढे केला. गेली पन्नास वर्षे ही झोंबाझोंबी चालत आली आहे. नानाने त्याच्या हातावर चापट मारली. ‘‘अहो, तुम्ही पाहुणे,’’ तो म्हणाला. ‘‘तुमचं नाव काही माझ्या ध्यानात नाही, पण पैसे मी देणार.’’

‘‘बरं, द्या,’’ बापू म्हणाला. आयुष्यात प्रथमच त्याने नानाला अहोजाहो केले.

निघताना म्हाताऱ्या मालकीणबाई आतून काठी टेकत आल्या. त्यांचे इंग्रजी आता पुष्कळसे गळून गेले आहे आणि नानाचेही. दोघे एकमेकांचे हात धरून थोडा वेळ उभे राहिले. मग बाईंनी वहिनींच्या पिशवीत बान् सेओच्या पिठाची चार पाकिटे कोंबली, आणि पाणी किती, तवा किती तापवायचा ते खुणांनी सांगितले. मुलीने त्याचा अर्थ लावला. आवाज आला नाही तर तवा पुरता तापलेला नाही असे समजायचे.

जानेवारीत बॉस्टनहून वहिनींचा फोन आला. बाहेर गुडघाभर बर्फ आहे म्हणाल्या. पहिली दोन मोडली, तिसऱ्याला आवाज आला, आणि तो ऐकून नाना आतल्या खोलीतून उठून स्वयंपाकघरात आला आणि पाने कुठे आहेत म्हणून विचारू लागला. लेट्यूस घरात नव्हते. वहिनींनी कोबीचे पान दिले. ते दुमडत नाही अशी त्याची दोन दिवस कुरकुर चालली होती.